वस्तादाविना तालीम : बागेतल्या ओपन जिमचं परीक्षण

बागेतली ‘ओपन जिम’ म्हटलं की सोलापुरात काय बसणार ते ठरलेलं असतं. एअर वॉकर, ट्विस्टर, सर्फबोर्ड, शोल्डर व्हील, लेग प्रेस, चेस्ट प्रेस, सिट-अप बोर्ड, सायकल, क्रॉस ट्रेनर, आणि जागा उरली तर पुल-अप बार. आठ ते बारा नग, वर पावडर कोटिंग, खाली काँक्रीटचा ठोकळा. पैसा नगरसेवक निधीतून येवो, आमदार निधीतून, जिल्हा वार्षिक योजनेतून किंवा क्रीडा खात्याच्या व्यायामशाळा अनुदानातून, यादी फारशी बदलत नाही. म्हणून हे परीक्षण कुठल्या एका बागेचं किंवा कंपनीचं नाही, या यादीचं आहे. बसून राहणाऱ्या माणसाला हलतं करणं यासाठी हा खर्च होतो, आणि ते काम हा संच कितपत करतो एवढंच इथे तपासलं आहे.

निकाल आधीच सांगतो. नुसत्या संचाला पाचपैकी दोन. त्याच्या भोवती चालायचा धड रस्ता, सावली, दिवे आणि आठवड्यातून तीन दिवस शिकवणारा माणूस असेल तर चार.

हे गुण मनाने दिलेले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सगळा अभ्यास चाळून ज्या सूचना दिल्या, त्यांच्या पट्टीने दिले आहेत. प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल हवी, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस. त्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम. वय ६५ च्या पुढे असेल तर किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव. म्हणजे दम, ताकद आणि तोल ही तीन वेगवेगळी कामं झाली, एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही. मध्यम हालचाल ओळखायची खूण सोपी आहे: बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. चालताना मिनिटाला साधारण १०० पावलं पडली की तो वेग आला. अर्ध्या तासात तीन हजार पावलं, म्हणजे दोन किलोमीटरच्या आसपास. ४०० मीटरची फेरी असेल तर पाच फेऱ्या.

आता एकेक साधन घेऊ.

एअर वॉकरपुढे नेहमी रांग असते, आणि दुर्दैवाने कामाला तेच सगळ्यात कमी येतं. दोन पट्ट्यांवर पाय, हातात दांडा, आणि पाय पुढे-मागे. पण वर बेअरिंगला टांगलेला तो झोकाच आहे. पहिल्या दोन-तीन हेलकाव्यांना जोर लागतो, पुढे पट्टीचं वजनच पाय ओढून नेतं. अंगाचा भार हातांवर दिला की पायांना काहीच करावं लागत नाही. दहा मिनिटं झुलूनही श्वास वाढला नसेल तर दोष माणसाचा नाही, रचनेत पायांना विरोध करणारं ओझंच नाही. सांधे मोकळे करायला तीन-चार मिनिटं ठीक. चालण्याऐवजी म्हणून वापरत असाल तर दीडशे मिनिटांच्या हिशोबात धरू नका. त्यात धोकाही आहे. पाय फार फाकवून झोका मोठा केला की एक पट्टी पुढे निसटते आणि जांघेत कळ येते. उतरताना दोन्ही पट्ट्या पूर्ण थांबल्याशिवाय पाय खाली टाकू नये.

ट्विस्टर तोलासाठी उपयोगी वाटतो, पण कंबरेचं किंवा गुडघ्याचं दुखणं असलेल्याने त्याच्या वाट्याला जाऊ नये. फिरत्या चकतीवर पाय घट्ट आणि कंबर झटक्याने वळलेली, अशा वेळी सगळा पीळ मणक्याला बसतो. उभं राहून डावी-उजवीकडे झुलायच्या सर्फबोर्डचंही तेच. शोल्डर व्हील मात्र चांगलं: खांदा धरलेल्या माणसाने सावकाश, मोठ्या वर्तुळात, दोन्ही दिशांना पंधरा-पंधरा वेळा फिरवलं तर खांदा मोकळा राहतो. ताकदीसाठी म्हणून ते नाही.

लेग प्रेस हे या संचातलं सगळ्यात कामाचं साधन. बसायचं, पाय समोरच्या पट्टीवर ठेवायचे आणि स्वतःलाच मागे ढकलायचं. ओझं आपल्याच वजनाचं असतं, आणि तरफेची लांबी पक्की असल्याने ते वाढवता येत नाही. खुर्चीतून उठताना हातांचा आधार घेणाऱ्या माणसाला पहिले दोन महिने हे पुरतं. आठ ते बारा वेळा, सावकाश, शेवटच्या दोन वेळा जड जातील इतपत. मग दोन मिनिटं थांबून पुन्हा. बारा वेळा हसतखेळत होऊ लागलं की एकाच पायाने करायचं, दुसरा पाय नुसता आधाराला. ही युक्ती साधनावरच्या पाटीवर क्वचितच असते, आणि ती माहीत नसल्याने लोक पन्नास-पन्नास वेळा ढकलत बसतात. त्याने दम लागतो, ताकद फारशी वाढत नाही. गुडघा पूर्ण ताठ करून कुलूप लावल्यासारखा अडकवायचा नाही, हेही कुणीतरी सांगावं लागतं.

चेस्ट प्रेसचा हिशोब तसाच, फक्त तरुण माणसाला तो फार लवकर हलका होतो. सायकल आणि क्रॉस ट्रेनरला विरोध नसेल तर ते एअर वॉकरचेच भाऊ. पुल-अप बार उत्तम, पण शंभरातल्या बहुतेकांना एकही पुल-अप जमत नाही, म्हणून तो दोन-चार पोरांचाच होऊन बसतो. यावर स्वस्त उपाय आहे: त्याच दोन खांबांच्या शेजारी कंबरेच्या उंचीवर, तीन-साडेतीन फुटांवर, दुसरा दांडा लावून घ्यायचा. टाचा जमिनीवर, अंग तिरकं, आणि छाती दांड्याकडे ओढायची. पाय जितके पुढे तितकं जड. पंचवीस वर्षांच्या पोराला आणि साठीच्या आजीला एकच दांडा पुरतो, आणि त्यात बेअरिंग नसल्याने बिघडायला काही नसतं.

तोलासाठी तर साधनच लागत नाही. भिंतीलगत तीन फूट उंचीचा एक कठडा, त्याखाली जमिनीवर रंगवलेली वीस फुटांची सरळ रेघ. कठड्याला हात लावून एका पायावर दहा सेकंद, मग रेघेवर टाचेला अंगठा लावत चालणं. म्हातारपणी पडून खुब्याचं हाड मोडणं म्हणजे घरादाराची फरफट. ती टाळायला मदत करणारी ही गोष्ट वेल्डरच्या एका दिवसाच्या कामात होते. ती कुठल्याच यादीत नसते, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

टिकाऊपणाचं बोलायचं तर सोलापुरात दोन शत्रू आहेत, काळी माती आणि ऊन. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. वरवर खड्डा घेऊन त्यात ठोकळा ओतला की दोन पावसाळ्यांत खांब कलतो. कललेल्या खांबावर एअर वॉकरची पट्टी एका बाजूला घासते, बेअरिंग एकाच अंगाने झिजतं, आणि दोन-तीन महिन्यांत कुईकुई सुरू होते. लोक म्हणतात ग्रीस संपलं. खरं दुखणं जमिनीत असतं. मुरूम लागेपर्यंत खणून तिथून काँक्रीट उचलणं, ठोकळ्याच्या चारी बाजूंना मुरूम ठासणं, आणि पाणी साचू नये म्हणून वरचा भाग उताराचा ठेवणं हे अंदाजपत्रकात लिहिलेलं हवं. लिहिलेलं नसेल तर होत नाही.

तपासणी दहा मिनिटांत करता येते. खांबाला छातीच्या उंचीवर धरून जोरात हलवा. बुडाशी हालचाल दिसली तर साधन बंद. पट्टी आडवी हलवून पाहा. बोटाच्या पेराएवढी खेळत असेल तर बेअरिंग गेलं. दांड्यांच्या टोकाच्या रबरी टोप्या आहेत का बघा, कारण उघड्या पाइपची कड हात कापते. हलत्या आणि स्थिर भागांमधल्या फटी मोजा. ८ ते २५ मिलिमीटरची फट मुलाचं बोट अडकायला पुरते. रबरी थांबे तुटले असतील तर पट्टी थेट लोखंडावर आपटते आणि पुढे वेल्डिंगलाच चीर जाते. बाहेरच्या व्यायाम साधनांसाठीचं युरोपीय मानक, ईएन १६६३०, ही साधनं १.४ मीटरपेक्षा उंच माणसासाठी धरतं. आपल्याकडे संध्याकाळी त्यावर लहान मुलंच लटकलेली असतात. मुलांना हुसकून काही होत नाही, त्यांची खेळणी जवळच, आईला दिसतील अशी, पण दहा-पंधरा पावलं लांब ठेवावी लागतात.

उन्हाचं गणित वेगळं. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, आणि उघड्यावरचा लोखंडी दांडा दुपारी तर सोडाच, साडेपाचलाही धरवत नाही. गडद निळा रंग हलक्या रंगापेक्षा जास्त तापतो. मुठीवरचं प्लॅस्टिक उन्हाने ठिसूळ होतं, चिरतं आणि तळहाताला बोचतं. जागा निवडताना पश्चिमेला उंच भिंत, इमारत किंवा दाट कडुनिंब असेल अशी निवडली तर चार वाजल्यापासून सावली मिळते. यासाठी जास्तीचा एक रुपयाही लागत नाही, फक्त आखणीच्या दिवशी संध्याकाळी जागेवर जाऊन उभं राहावं लागतं.

आता मुख्य मुद्दा. लोखंड बसवल्याने माणसं हलतात का, हे इतरत्र मोजून झालं आहे. लॉस एंजेलिसमध्ये १२ बागांत अशी साधनं बसवून, न बसवलेल्या बागांशी तुलना केली गेली. २०१२ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. बागेत येणारे थोडे वाढले, पण तुलनेच्या बागांच्या मानाने हा फरक ठामपणे साधनांमुळेच पडला असं म्हणण्याइतका नव्हता. नवी माणसं मात्र आली, आणि खर्चाच्या मानाने हालचाल बरी वाढली. म्हणजे साधनं अगदीच वाया गेली नाहीत, पण त्यांनी गर्दीही खेचली नाही.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहराने दुसरी वाट धरली. २००२ पासून तिथल्या सार्वजनिक चौकांत आणि बागांत शारीरिक शिक्षणाचे प्रशिक्षित शिक्षक फुकट वर्ग घेऊ लागले. संशोधकांनी शहरात पाहणी केली, तेव्हा वर्गाला येणाऱ्यांनी फावल्या वेळात पुरेशी हालचाल करण्याची शक्यता न येणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आढळली, आणि येणाऱ्यांत स्त्रियांचा भरणा मोठा होता. शहराशहरांतले असे पुरावे समोर ठेवून २०११ साली ब्राझीलच्या आरोग्य मंत्रालयाने ती कल्पना देशभराची योजना केली. संशोधनाने धोरण घडवणं म्हणतात ते असं: आधी एका शहरात करून पाहिलं, नीट मोजलं, आणि मग देशाचा पैसा लावला.

सोलापूरला हे परकं वाटायचं कारण नाही. तालमीत लाल माती, मुद्गल, जोडी सगळं असतं. पण वस्ताद नसेल तर ती नुसती खोली. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेआधी नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच, जड काठ्या, पेलण्याचा सराव चालतो तेव्हाही जुनाजाणता माणूस शेजारी असतो, कुणाची कंबर कुठे चुकते ते सांगतो. ओपन जिममध्ये नेमका तोच माणूस वगळला गेला आहे. दहा साधनांऐवजी पाच घ्या, आणि वाचलेल्या पैशात शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेली एक मुलगी किंवा मुलगा आठवड्यातून तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ एकेक तास मानधनावर ठेवा. अडचण अशी की साधनं भांडवली खर्चात बसतात आणि मानधन बसत नाही, म्हणून निधी देणाऱ्याला लोखंड सोपं पडतं. ही गाठ वरच्या पातळीवर सोडवायला हवी, आणि ती मागणी प्रभागातूनच गेली पाहिजे.

हे वर्ग कुणासाठी, याचं उत्तर आकडे देतात. २०२४ साली ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते, स्त्रियांमध्ये ५७ टक्के, पुरुषांमध्ये ४२. त्याआधी, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत तामिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंदीगडमधले १४,२२७ जण तपासले होते. त्यात ५४.४ टक्के निष्क्रिय निघाले, आणि फावल्या वेळात व्यायाम करणारे दहा टक्केसुद्धा नव्हते. त्या पाहणीची प्रश्नावली हालचालीचे तीन कप्पे करते: काम, ये-जा, फावला वेळ. ओपन जिम फक्त तिसऱ्या कप्प्याला हात घालते, आणि तोच आपल्याकडे सगळ्यात रिकामा आहे.

पूर्व भागातल्या एका घराचं उदाहरण घ्या. नवरा पॉवरलूमवर, अख्खी पाळी मागांमधून फिरत उभा. बायको मांडीवर सूप घेऊन तेंदूची पानं कापत, विड्या वळत तासन् तास बसलेली; मजुरीचा हिशोब हजार विड्यांवर. त्याला हालचाल मिळते पण विसावा नाही, तिला हालचालच नाही. १९५३ साली लंडनच्या दुमजली बसमध्ये हेच दिसलं होतं: जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त. विड्या वळणाऱ्या या बाईला सकाळी सहाची बाग उपयोगाची नाही. तेव्हा चूल असते, डबे असतात, आणि नळाला पाणी काही दिवसांआड येत असल्याने पाण्याच्या दिवशी तर ती दारातून हलू शकत नाही. पण विड्या द्यायला आणि पानं-तंबाखू आणायला ती कारखान्यापर्यंत चालत जाते. २०२० च्या सूचनांनी ‘सलग दहा मिनिटं हवीत’ ही जुनी अट काढून टाकली आहे, त्यामुळे तिची ती पाच-सात मिनिटांची चालही हिशोबात धरली जाते. तिच्यासाठी हालचालीचं धोरण म्हणजे त्या रस्त्याचा फुटपाथ. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ मध्ये मापं दिलेली आहेत: किमान १.८ मीटर मोकळी रुंदी, कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. मोकळी म्हणजे विजेची डीपी, खांब, टपरी, लावलेल्या गाड्या वजा जाता उरलेली. फूटपट्टी घेऊन मोजली तर पहिल्या शंभर पावलांतच चित्र कळतं.

म्हणून खरेदीचा आमचा क्रम असा. आधी चालायची फेरी, घट्ट दाबलेल्या मुरमाची, दोन माणसं बोलत जातील आणि तिसरा पुढे निघेल इतकी, म्हणजे आठ फूट रुंद. पेव्हर ब्लॉक बसवायचेच असतील तर खालचा थर नीट दाबलेला हवा, नाहीतर एकेक ब्लॉक वर येतो आणि म्हाताऱ्या माणसाचा पाय तिथेच ठेचकाळतो. मग दिवे, कारण उन्हाळ्यात बायकांना मोकळी वेळ आणि थंड हवा दोन्ही रात्री आठनंतरच मिळतात. मग स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी. मग शिकवणारा माणूस. शेवटी साधनं: दोन लेग प्रेस, एक चेस्ट प्रेस, दोन उंचीचा बार, एक शोल्डर व्हील, आणि तोलाचा कठडा. दहा साधनांवर एका वेळी दहाच माणसं. तीनशे मीटरच्या फेरीवर पाच मीटरला एक धरला तरी साठ. सूचनाफलकावर मोठी चित्रं हवीत आणि मजकूर मराठीबरोबर कन्नड, तेलुगू, उर्दूतही, कारण या शहरात बागेत चार भाषा बोलल्या जातात. करारात दोष दायित्वाचा, म्हणजे बिघाडाची जबाबदारी ठेकेदारावर राहण्याचा, कालावधी तीन वर्षांचा, महिन्यातून एकदा तपासणीची नोंदवही, आणि बेअरिंग सीलबंदच, असं स्पष्ट लिहून घ्यावं.

आणि खरेदीआधी मोजणी. संशोधक बागांसाठी सोपार्क नावाची पद्धत वापरतात. ती वही-पेनाने होते. बागेचे तीन-चार भाग पाडायचे: फेरी, साधनं, मुलांची खेळणी, हिरवळ. प्रत्येक भागावर डावीकडून उजवीकडे एकदाच नजर फिरवायची आणि त्या क्षणी दिसलेला माणूस नोंदायचा: स्त्री की पुरुष, मूल, तरुण, प्रौढ की ज्येष्ठ, बसलेला, चालणारा की जोराने हलणारा. एकदा मोजलेल्याकडे पुन्हा वळायचं नाही. नावं विचारायची नाहीत, फोटो काढायचे नाहीत. आपल्या हवेला धरून पहाटे सहा, सकाळी साडेसात, संध्याकाळी सहा आणि रात्री आठ अशा चार वेळा. आठवड्यातले चार दिवस, त्यात एक रविवार. याच दिवसांत, याच वेळांना, काहीही बसवायचं नसलेल्या शेजारच्या एका बागेतही मोजायचं. साधनं बसल्यावर पहिल्या महिन्याचा उत्साह ओसरू द्यायचा आणि सहा महिन्यांनी, मग वर्षाने, पुन्हा दोन्हीकडे. नुसती आपलीच बाग मोजली तर थंडीमुळे वाढलेली गर्दी साधनांच्या नावावर जमा होते.

तारखा ठरवताना जानेवारीतला गड्ड्याचा काळ वगळा, कारण तेव्हा संध्याकाळी सगळं गाव होम मैदानावर असतं. परीक्षांचे दिवस वगळा. आणि त्या भागाला पाणी कोणत्या दिवशी येतं ते आधी विचारून घ्या. पाण्याच्या दिवशी मोजलं तर बायकांच्या रकान्यात जवळजवळ काहीच पडणार नाही, आणि तो कोरा रकाना पाहून कुणीतरी पुढच्या वर्षी त्यांच्या वर्गाचे पैसे कापेल.